इंटिरियरचं काम, मार्केटिंग आणि दिवसाचे तास: कोण कसं जमवतं?

सनमायका (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे पाककृती वाचायला येते, आज कामाचं विचारतेय. कोथरूडला राहते, घरांची इंटिरियर्स करते, ऑफिस म्हणजे घरातलीच मागची खोली. ड्रॉइंगला एक मुलगी आहे, बाकी सुतार, पीओपीवाले, इलेक्ट्रिशियन, पेंटर सगळे ठरलेले. कामं बहुतेक टू आणि थ्री बीएचके, एकाकडून दुसऱ्याला कळून आलेली.

दुखणं असं की साईट चालू असल्या की इन्स्टा बिन्स्टा सगळं झोपतं. साईट संपायला आल्या की धडकी भरते, पुढे काय, मग रोज पोस्ट टाका, जुन्या लोकांना फोन करा, कुणी बोलावलं की धावत जा, आणि मग एकदम तीन-चार कामं अंगावर आली की इन्स्टा परत झोपलं. नवरा म्हणतो मार्केटिंगला कुणीतरी ठेव. एका एजन्सीशी बोलले, त्यांनी महिन्याला इतक्या पोस्ट, इतक्या रील्स असं पॅकेज सांगितलं, फोटो कोण काढणार विचारलं तर म्हणे तुम्हीच पाठवायचे! मग राहिलं काय.

आणि वेळेचं म्हणाल तर कालचाच नमुना. रात्री पावणेअकराला मेसेज, "मॅडम हे हँडल कसं वाटतं", खाली सात स्क्रीनशॉट, त्यातले दोन हँडल नसून नॉब आणि एक कुठल्यातरी परदेशी किचनचा ज्यात हँडलच नाही, प्रोफाइल म्हणजे पकडायची पट्टी आहे. मी टाईप करेपर्यंत त्यांच्या मिसेसचा वेगळा मेसेज, "ह्यांनी पाठवलेलं बघू नका, मी सांगते". सकाळी साडेनऊला सुतार फोनवर, मॅडम हँडलची भोकं ९६ मिमी अंतरावर पाडू का १२८. आता मी काय सांगू त्याला?

तुम्ही लोक हे कसं जमवता? सकाळी पाचला उठा वगैरे सांगू नका प्लीज, डबे असतात.

गुण्या_आणि_खडू (सोमवार, रात्री ११.५२)

ताई, तुमचा वेळ साईटवर जात नसावा, फुकटच्या कोटेशनात जात असावा. बघा हं, एक "जरा येऊन बघून जा" म्हणजे कोथरूडहून खराडी, माप, परत, मग लेआऊट, मग खोलीवार स्क्वेअर फूट काढून रेट, मग पीडीएफ. आणि तो माणूस तीच पीडीएफ घेऊन टिंबर मार्केटला कुणाच्या तरी ओळखीच्या सुताराला दाखवतो, ह्याच्यात तू कितीला करशील. म्हणजे तुमचं डिझाईन फुकट वाटलं आणि वर त्यातून दुसऱ्याला काम मिळालं.

मी जाण्याआधी फोनवरच विचारतो. बिल्डिंग कुठली, ताबा मिळालाय का, राहायला कधी जायचंय, घरात शेवटचा शब्द कुणाचा, आणि बजेट. बजेट विचारायला लाजायचं नाही. "तुम्हीच सांगा किती होईल" म्हणणाऱ्याला मी अंदाज देतो, नुसतं किचन आणि वॉर्डरोब असेल तर इथपासून इथपर्यंत, सीलिंग आणि टीव्ही युनिट धरलं तर इथपर्यंत. त्यावर जो गप्प होतो त्याच्याकडे जायचं पेट्रोल वाचलं. जो पुढे बोलतो त्याला व्हिजिटचे दोन हजार सांगतो, काम मिळालं तर फीमधून वजा. हे सुरू केल्यापासून बोलावणी कमी झाली पण कामं तेवढीच आहेत.

वाकडवासी (मंगळवार, सकाळी ८.३५)

दादा कोथरूड, सदाशिव पेठेत चालेल हे, आमच्याकडे या. वाकड, पुनावळे, रावेत पट्ट्यात पझेशनच्या दिवशी गेटबाहेर पाच कंपन्यांचे टेबल असतात, फुकट थ्रीडी, फुकट व्हिजिट, वर मिक्सर गिफ्ट. तिथे मी दोन हजार मागितले तर लोक हसतात. मी लेबर कॉन्ट्रॅक्टवर पण कामं घेतो, मला नकार द्यायची चैन नाही.

गुण्या_आणि_खडू (मंगळवार, सकाळी ९.०४)

मान्य. मग व्हिजिट फुकट द्या पण कोटेशन नका देऊ. बिल्डरचा फ्लोअर प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोला, ढोबळ आकडा तोंडी सांगा. खोलीवार आकडे आणि ड्रॉइंग टोकन आल्यावरच. त्या कंपन्यांचं थ्रीडी फुकट नसतं हो, पुढे रेटमध्येच असतं, पण ते गिऱ्हाईकाला तुम्ही सांगून पटणार नाही, सोडून द्या.

पेठेतला_मी (मंगळवार, दुपारी २.१०)

बहुतेक सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ड्रिल, कटर बंद असतं, नियमच असतो. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी घड्याळ लावून बसतात. तेव्हा सुतारही जेवून आडवे होतात. हे दोन तास तुम्हाला सोसायटीने फुकट दिलेत, तेव्हा कोटेशन, फोन, इन्स्टा उरका. पुण्यात दुपारी काम होत नाही असं कोण म्हणतं.

(आत्ता मीही तेच करतोय.)

सनमायका (मंगळवार, दुपारी ३.२०)

पेठेतले, हे खरंच करून बघते. अजून एक, वनाझ ते रामवाडी मेट्रो २०२४ पासून सलग झालीये, खराडीच्या साईटला मी गाडी न्यायची सोडली. रामवाडीला उतरून रिक्षा, आणि येता-जाता बसून मेसेजेसची उत्तरं. चांदणी चौक, बाणेर, हिंजवडी एका दिवशी आणि खराडी, हडपसर, उंड्री दुसऱ्या दिवशी असंही ठरवलंय, पण कुणीतरी "फक्त आज वेळ आहे" म्हणतं आणि सगळं मोडतं.

वाकडवासींचं म्हणणं पण खोटं नाही हो. फीचं धाडस होत नाही.

फ्लॅटधारक_खराडी (मंगळवार, रात्री ९.४५)

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे क्लायंट. लिहू का? मी डिझायनर कसा निवडला ते सांगतो. इन्स्टावर सगळ्यांची घरं सारखीच दिसतात, तेच फ्लुटेड पॅनल आणि तीच गोल आरशामागची लाईट. मी गूगलवर माझ्या एरियात शोधलं आणि रिव्ह्यू वाचले, त्यातही पाच स्टार "नाईस वर्क" वाले सोडून दिले. एका बाईंनी लिहिलं होतं की काम संपल्यावर वर्षभराने ड्रॉवरचा चॅनेल गेला तर माणूस पाठवून बदलून दिला. मी तिथेच फोन केला.

दुसरं, तुमच्याकडे रात्री पावणेअकराला मेसेज का येतो माहितीये? कारण दिवसभर आम्हाला काहीच कळत नाही. पैसे गेलेत, सोसायटीत डिपॉझिट भरलंय, घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू आहे, आणि साईटवर काय चाललंय ते वॉचमनला माहिती, आम्हाला नाही. माझे डिझायनर दर शनिवारी संध्याकाळी एक मेसेज टाकायचे, या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय, आणि तुम्ही दोघांनी बुधवारपर्यंत काय ठरवायचंय. सोबत चार फोटो. मग आम्ही मधे कधी मेसेज केलाच नाही फारसा. त्यांचं नाव मी आमच्या विंगमध्ये पाच घरी सांगितलं ते त्या शनिवारच्या मेसेजमुळे, डिझाईनमुळे म्हणाल तर... ठीक होतं.

सनमायका (मंगळवार, रात्री १०.०२)

हा प्रतिसाद मी प्रिंट काढून लावणार आहे. "दोघांनी" हा शब्द खास!

गुण्या_आणि_खडू (मंगळवार, रात्री १०.३०)

+१. आणि निवड करायचा दिवस एकच ठेवा. नवरा-बायको दोघांना घेऊन टिंबर मार्केटला जायचं, लॅमिनेट, हँडल, बिजागऱ्या, चॅनेल सगळं एका फेरीत, दुकानातच यादीवर दोघांची सही. त्याआधी चिमणी, हॉब, ओव्हन, फ्रीज यांचे मॉडेल नंबर हातात हवेत, कारण हॉबचं कटआऊट मॉडेलप्रमाणे बदलतं आणि ग्रॅनाईटवाला एकदाच येतो. सहीनंतर बदल केला तर बदलाचे पैसे आणि वाढलेले दिवस दोन्ही लिहून कळवायचे. प्रेमाने. पण लिहून.

उंबरठा (बुधवार, सकाळी ७.१५)

धागा आवडला. मीही हाच व्यवसाय करते, सिंहगड रोडला. मार्केटिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आपण "पुण्यात" मार्केटिंग करायला जातो तिथेच दम लागतो. मी एका वेळी एक-दोनच बिल्डिंगा धरते.

कसं ते सांगते. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या वेबसाईटवर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची पूर्ण व्हायची तारीख सगळ्यांना बघता येते, मुदतवाढ मिळाली असेल तर तीही. आपल्या घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असे कुठले प्रकल्प येत्या सहा-आठ महिन्यांत पूर्ण होतायत ते काढायचं. त्यातल्या एका बिल्डिंगमध्ये ओळखीने, कमी मार्जिनवर का होईना, पहिलं काम मिळवायचं. मग ते घर हाच आपला शोरूम. डीप क्लीनिंग झालं की सामान यायच्या आधी एक रविवार सकाळ मालकांना विचारून मागून घ्यायची, त्यांच्याच बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनाच टाकायला सांगायचं, आमचं घर बघायला या. लोक येतातच, शेजाऱ्याच्या घरात डोकवायला कुणाला नको असतं!

आता ह्यात वेळ कुठे वाचतो बघा. त्या बिल्डिंगच्या टू बीएचकेचं माप आपल्याकडे आहे. बीम कुठे आडवा येतो, डक्ट कुठे आहे, किचनमध्ये पाण्याचा पॉईंट किती उंचीवर दिलाय, सगळं पाठ. वॉचमन ओळखतो, सोसायटीचा फॉर्म आणि डिपॉझिटची पद्धत माहिती, लिफ्टला पुठ्ठा लावायचा ते माहिती. प्लायचा टेम्पो दोन फ्लॅटला मिळून एक. एका फेरीत दोन-तीन साईट बघून होतात. वारज्याला एक, उंड्रीला एक आणि मोशीला एक असं असेल तर नुसता प्रवासच प्रवास, साईटवर कुणाशी धड बोलणंही होत नाही.

फक्त भिंत तोडा म्हणणाऱ्यांना नाही म्हणायचं. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरची जबाबदारी असते, तुम्ही भिंतीला हात लावलात की बिल्डर तेच कारण पुढे करतो आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमचं नाव वेगळ्या कारणाने होतं.

वाकडवासी (बुधवार, सकाळी ८.५०)

हे जमण्यासारखं आहे. आमच्याकडे काही जण पझेशनची लिस्ट विकतात, फ्लॅट नंबर, नाव, मोबाईल सगळं. ती घेऊन कॉल केले तर लवकर होईल ना?

उंबरठा (बुधवार, सकाळी ९.१०)

नको. एक तर ते नंबर लोकांना न विचारता विकलेले असतात. दुसरं, ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) नियमाने आपल्या साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे कॉल करायचेच नसतात, तक्रारी गेल्या की नंबर बंद होऊ शकतो. तुमच्या सगळ्या सुतारांकडे, क्लायंटकडे तोच नंबर आहे. आणि तीच लिस्ट त्या पाच टेबलवाल्यांकडेही असते, तुमचा विसावा कॉल.

उजेड (बुधवार, दुपारी २.४०)

मी फोटोग्राफर, घरांचे फोटो काढतो. प्रत्येक घराला मला बोलवा असं म्हणणार नाही, बजेट नसतं माहितीये. पण उंबरठा यांनी सांगितलेली ती सामान यायच्या आधीची सकाळ आहे ना, तीच फोटोची. एकदा गाद्या, कपड्यांचा स्टँड, देव आणि आजींची खुर्ची आली की संपलं, मग फोटो कधीच होत नाहीत, "सेट झालं की या" म्हणतात आणि ते सेट होत नाही.

मोबाईल छातीच्या उंचीवर धरा, उभं राहून डोळ्यासमोर धरला की वॉर्डरोब खालून निमुळता दिसतो. स्क्रीनवर ग्रिड लावा, दाराची उभी कड ग्रिडला समांतर येईपर्यंत फोन हलवा. वाईड लेन्सचा मोह टाळा, खोली मैदानाएवढी दिसते आणि क्लायंट प्रत्यक्षात बघून म्हणतो हे तेच का. पिवळे आणि पांढरे दिवे एकत्र लावू नका. शक्यतो खिडकीच्या उजेडात काढा आणि प्रोफाइल लाईटचे (पट्टीतल्या दिव्यांचे) वेगळे दोन काढा. काम सुरू व्हायच्या आधी ज्या कोपऱ्यातून काढला होता तिथूनच नंतरचा.

आणि रोजच्या इन्स्टासाठी मला विचाराल तर लोकांना तयार घरापेक्षा आतलं जास्त बघायचं असतं. माझ्या एक क्लायंट आहेत, प्लाय साईटवर आला की कापायच्या आधी शीटवरचा शिक्का मोबाईलवर घेतात. सिंकखालच्या खणाला आयएस ७१० मानकाचा प्लाय, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, बाकी कोरड्या ठिकाणी आयएस ३०३, आणि नंतर तोच तुकडा कॅबिनेटमध्ये बसताना. एकदा लॅमिनेट चढलं की आत काय घातलंय हे देवालाही दिसत नाही, म्हणून तेवढ्या तीस सेकंदांवर लोक प्रश्न विचारतात. त्यांना तसंही शिक्का तपासायला जावंच लागतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सनमायका (बुधवार, दुपारी ३.०५)

अरे हे किती सोपं आहे, मी तर रील म्हणजे म्युझिक आणि फिरणारा कॅमेरा समजत होते.

पंचांगवाला (बुधवार, सायंकाळी ७.३०)

सगळे बोलले पण मुहूर्ताचं कुणी काढलं नाही! आपल्याकडे घर तयार कधी हवं असतं, दसरा, दिवाळीचा पाडवा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया. म्हणजे गर्दी कधी होणार हे आधीच छापून आलंय. पण तारीख दरवर्षी सरकते, २०२३ ला अधिक श्रावण होता, दसरा २४ ऑक्टोबरला आला, २०२५ ला २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक आहे हा, "दसऱ्याला देतो" असं सवयीने बोलू नका, कॅलेंडर उघडून मागे मोजा.

दसऱ्याच्या आधी नवरात्र, त्याच्या आधी पितृपक्ष. त्या पंधरवड्यात बरेच लोक नवी खरेदी करत नाहीत, त्यामुळे चिमणी, पंखे, झुंबर जे काय आहे ते गणपतीच्या आधी घ्यायला लावा, नाहीतर सगळं नवरात्रात येऊन पडतं आणि इलेक्ट्रिशियन एकच. त्याच्याही आधी पाऊस. भर पावसात मेलामाईन पॉलिश मारलं की पांढरी झाक येते, ओल्या भिंतीला रंग धरत नाही. म्हणजे दसऱ्याच्या घराचं ड्रॉइंग आषाढाच्या आत फायनल हवं आणि त्यासाठी लोकांना आठवण एप्रिल-मेमध्ये करायला हवी, साईट भरात असतात तेव्हाच. गुढीपाडव्याच्या घरांसाठी मार्गशीर्षात. होळीला यूपी-बिहारचे सुतार गावाला जातात आणि दिवाळीला गेलेले छठ करूनच परततात, पाडव्याची तारीख देताना हे धरा.

पितृपक्षात नवीन कुणी येत नाही, तेव्हा गूगलचं प्रोफाइल नीट करून घ्या.

सनमायका (बुधवार, रात्री ८.१५)

गूगल प्रोफाइलवर घरचा पत्ता टाकावा लागेल म्हणून मी तेच टाळत होते, लोक थेट दारात येतील.

उंबरठा (बुधवार, रात्री ८.४०)

पत्ता लपवता येतो, फक्त कुठल्या भागात काम करता ते दाखवायचं. खात्री करायला व्हिडिओ मागतात बहुतेक वेळा, त्यात कामाची जागा, सामान, नावाचं काहीतरी दाखवायचं. रिव्ह्यूसाठी किल्ली देतानाच लिंक पाठवा, नंतर कुणी लिहीत नाही. बदल्यात डिस्काऊंट वगैरे देऊ नका, गूगलच्या नियमात बसत नाही. फक्त एवढं म्हणा, कुठली सोसायटी, काय काम, काय अडचण आली आणि कशी सुटली ते तुमच्या शब्दांत लिहा. आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, त्यात कामाच्या वेळा टाकता येतात, वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. पावणेअकराचं हँडल सकाळी दहाला बघायचं.

हिशेबनीस (गुरुवार, सकाळी १०.२०)

सीए आहे, विषयाला धरून थोडंसं. डिझाईन फी विकताय का पूर्ण टर्नकी (सामान-मजुरीसकट सगळं काम), हे आधी ठरवा. टर्नकीत प्लाय, हार्डवेअर, मजुरी सगळं तुमच्या खात्यातून फिरतं आणि तुमची उलाढाल दिसते, २० लाखांच्या वर गेलात की जीएसटी नोंदणी. डिझाईन फीवर १८ टक्के. क्लायंटने दुकानदाराला आणि सुताराला थेट पैसे दिले तर तुमच्याकडे फक्त फी. दिवसाच्या दृष्टीनेही बघा, टर्नकीत दुकानाच्या फेऱ्या, उधारी, मजुरांचे शनिवारचे पैसे सगळं तुमच्या अंगावर. नफा जास्त, मान्य, पण माझ्या बऱ्याच क्लायंट्सना तो नफा तासांनी भागून कधीच दाखवता आलेला नाही.

आणि प्रोफाइलवर आर्किटेक्ट लिहू नका, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी असल्याशिवाय. १९७२ चा कायदा आहे त्याला. इंटिरियर डिझायनर लिहायला काही अडचण नाही.

वाकडवासी (गुरुवार, दुपारी २.१५)

मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाच्या) जाहिराती कुणी केल्यात का? मी केल्या, फोन भरपूर, पण निम्मे म्हणतात आम्ही फॉर्म भरलाच नाही.

उंबरठा (गुरुवार, दुपारी २.५०)

फॉर्म बनवताना "हायर इंटेंट"चा पर्याय असतो तो निवडा, त्यात पाठवण्याआधी माणसाला आपली माहिती परत बघून हो म्हणावं लागतं. ताबा कधी आणि बजेट किती हे दोन प्रश्न फॉर्ममध्येच टाका. लीड कमी येतील, येऊ देत. आणि अख्खं पुणे नको, तुमच्या त्या दोन बिल्डिंगांभोवतीचा भाग.

सनमायका (गुरुवार, रात्री ९.३०)

ठरलं. शनिवारचा मेसेज या शनिवारपासून. बावधनला चालू असलेल्या साईटच्या मालकांना रविवार सकाळचं विचारलं, ते हो म्हणाले, काकू तर म्हणाल्या पोहे मी करते. महारेरावर बसून त्याच रस्त्यावरचे अजून दोन प्रकल्प काढलेत.

व्हिजिट फीचा मेसेज लिहिलाय, बघा बरा आहे का: "नमस्कार, आपण संपर्क केल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या स्वप्नातील घराची सजावट करण्याची संधी मिळाल्यास आम्हाला आनंदच होईल, तथापि वेळेच्या मर्यादेमुळे साईट व्हिजिटसाठी नाममात्र शुल्क आकारावे लागत असून..."

पेठेतला_मी (गुरुवार, रात्री ९.४१)

लग्नपत्रिका आहे का ही? "आकारावे लागत असून" म्हटलंत की समोरचा म्हणणार ओळखीतले आहोत हो आपण.

गुण्या_आणि_खडू (गुरुवार, रात्री ९.५५)

ताई, असं टाका: "नमस्कार. फ्लोअर प्लॅन पाठवा, उद्या दुपारी २ ते ४ मध्ये फोनवर बोलू, त्याचे काही पैसे नाहीत. घरी येऊन माप घ्यायचे २००० रुपये, काम दिलंत तर फीमधून वजा. ताबा कधी आहे आणि राहायला कधी जायचंय?"

प्रश्नावर संपवा, म्हणजे ते उत्तर तारखेचं देतात, पैशाचं नाही.

सनमायका (गुरुवार, रात्री १०.४८)

पाठवला एकाला. लगेच उत्तर आलं, "ताबा मार्चमध्ये, पण मॅडम हे हँडल कसं वाटतं". उद्या दहाला बघते.